कंपनीनं ट्रक शिकवला, पुढे काय? अमेरिकेतल्या नव्या ड्रायव्हरच्या नोकरीचं गणित

‘अनुभव नसला तरी चालेल. लायसन्स आम्ही काढून देऊ. शिकताना राहायची सोय आमची. पास झालात की नोकरी पक्की.’ अमेरिकेतल्या मोठ्या ट्रक कंपन्या वर्षानुवर्षं अशाच जाहिराती करत आल्या आहेत. आता त्या रीलच्या रूपानं आपल्याकडच्या मोबाइलवरही येऊन पोचल्या आहेत. चकचकीत केबिन, आत पलंग, फ्रीज आणि खाली महिन्याच्या कमाईचा रुपयांतला आकडा. बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की शिकून झाल्यावर नोकरी खरंच देतात का?

देतात. आणि इतक्या सहज देतात की खरी शंका तिथून सुरू व्हायला हवी. काही महिन्यांपूर्वी ज्यानं ट्रकच्या स्टिअरिंगला हातही लावला नव्हता, त्याच्या हाती दीड लाख डॉलरच्या घरातली गाडी देऊन त्याला एकट्याला देशभर पाठवायची एखाद्या कंपनीची तयारी असते. मग तिच्याकडे जागा कायम रिकाम्या का राहतात? आधी बसलेला माणूस कुठे गेला?

लायसन्स कसं मिळतं

तिथल्या ट्रक ड्रायव्हरला लागतं ते सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहन चालवण्याचं लायसन्स. १९८६ च्या कायद्यानं ते देशभर एका मापाचं झालं. त्याआधी कित्येक राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर ट्रेलर चालवता यायचा, आणि एकेका ड्रायव्हरच्या खिशात दोन-तीन राज्यांची लायसन्सं असायची. एकावर दंड लागला की दुसरं काढायचं. आता क्लास ए सीडीएल म्हणजे २६,००१ पौंडांपासून पुढची ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडगाडी. महामार्गावर भरलेली गाडी ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत जाते.

आधी डॉक्टरी तपासणी आणि लेखी परीक्षा, मग शिकाऊ परवाना. तो हातात आल्यावर निदान १४ दिवस थांबावं लागतं, त्यानंतर प्रत्यक्ष परीक्षा. तिचे तीन भाग असतात. गाडीभोवती फिरून ब्रेक, टायर, जोडणी असा एकेक भाग तपासत बोलून दाखवायचा, मोकळ्या मैदानात रिव्हर्स घ्यायचा आणि शेवटी रस्त्यावर चालवून दाखवायची. ७ फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी नोंदणी असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घेणं सक्तीचं आहे. थिअरीत ८० टक्के गुण लागतात. पण किमान इतके तास गाडी चालवलीच पाहिजे, असं केंद्राच्या नियमात कुठेही नाही. शिकवणाऱ्यानं ‘याला येतंय’ म्हटलं की झालं. गंमत म्हणजे आपल्याकडच्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या २०२१ च्या नियमांत जड वाहनासाठी ३८ तास स्पष्ट लिहिलेले आहेत. ते प्रत्यक्षात किती भरले जातात, हा वेगळा विषय.

तर तीन-चार आठवड्यांत लायसन्स हातात येतं. बर्फावर गाडी कशी सांभाळायची, रॉकी पर्वताच्या उतारावर इंजिन ब्रेक कसा वापरायचा, शिकागोच्या जुन्या गोदामाच्या बोळात मागचा ट्रेलर कसा वळवायचा, यातलं फारसं काही या आठवड्यांत होत नाही. हे विमा कंपन्यांना पक्कं माहीत असतं. पाच-दहा गाड्यांच्या मालकाला नवा ड्रायव्हर ठेवायचा असला तरी विमावाला आडवा येतो. किमान एक, बऱ्याचदा दोन वर्षांचा अनुभव दाखवा, नाहीतर हप्ता परवडणार नाही. २१ पूर्ण झाल्याशिवाय राज्याबाहेर माल नेता येत नाही हा कायदा आहेच, शिवाय कित्येक विमा कंपन्या २३ च्या आतल्या पोराला हातच लावत नाहीत. हजारो गाड्या असलेल्या कंपन्या मात्र अपघाताच्या नुकसानीचा मोठा हिस्सा स्वतःच्या तिजोरीतून भरण्याची तयारी ठेवतात, म्हणून नवशिक्याला घेणं त्यांना जमतं. नव्या ड्रायव्हरपुढे शेकडो कंपन्यांच्या पाट्या दिसतात, पण त्याच्यासाठी उघडी असलेली दारं ही एवढीच.

‘फुकट’ प्रशिक्षणाचा करार

शिकायचे रस्ते साधारण तीन. कम्युनिटी कॉलेज, खासगी शाळा आणि कंपनीची स्वतःची शाळा. खासगी शाळेत चार ते आठ हजार डॉलर जातात. बेरोजगार किंवा कमी उत्पन्नाच्या माणसाला सरकारच्या कौशल्य निधीतून ही फी मिळू शकते, आणि हा रस्ता पुष्कळांना ठाऊकच नसतो. उरलेले कंपनीकडे जातात, कारण तिथे आज खिशातून काही द्यावं लागत नाही.

द्यावं लागतं ते पुढे. करार बहुधा एक वर्षाचा असतो. वर्षभर काम केलंत तर फी माफ. मधेच सोडलंत तर सगळी किंवा उरलेली रक्कम तुमच्या नावावर कर्ज म्हणून उभी राहते. काही करारांत कंपनीनं तुम्हाला काढून टाकलं तरीही ती लागू होते, आणि हे वाक्य कराराच्या पुढच्या पानावर क्वचितच असतं. २०२२ साली अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं, मालकानंच नोकराच्या डोक्यावर चढवलेल्या अशा कर्जांची चौकशी हाती घेतली, तेव्हा ट्रकिंगचं नाव त्यात ठळक होतं.

कंपन्या या शिकवलेल्या माणसाकडे कशा बघतात ते एका भांडणातून छान दिसतं. आयोवातल्या सीआरएसटी कंपनीनं स्विफ्ट आणि ट्रान्सअॅम या दोन कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं. आम्ही शिकवलेले, आमच्या करारातले ड्रायव्हर तुम्ही पळवलेत, अशी तक्रार. अपिलात सीआरएसटीच्या हाती काही लागलं नाही. पण ज्या धंद्यात ड्रायव्हर मिळत नाहीत अशी रोजची ओरड आहे, तिथे ड्रायव्हर दुसरीकडे गेला म्हणून नव्या मालकावर खटला भरला जातो, यावरून त्या एका वर्षाची किंमत कळावी.

लायसन्सनंतर लगेच एकट्याला गाडी मिळत नाही. काही आठवडे ट्रेनरबरोबर जावं लागतं. पूर्वी आपल्याकडे क्लीनर ड्रायव्हरशेजारी बसून गाडी शिकायचा, तसंच काहीसं. फरक इतकाच की क्लीनरकडे गाडी पूर्णपणे सोपवली जात नसे. इथे थोड्याच दिवसांत शिकाऊ ड्रायव्हर चालवतो आणि ट्रेनर मागच्या पलंगावर झोपतो. पाळ्या लावून गाडी जवळजवळ चोवीस तास पळते, आणि ट्रेनरला बहुतेक ठिकाणी दोघांच्या मैलांवर पैसे मिळतात. शिकवणं बाजूला राहतं, गाडी पळवणं तेवढं होतं. कित्येक ट्रेनर स्वतःच वर्षभरापूर्वी शिकून आलेले असतात.

मिसुरीतल्या न्यू प्राइम कंपनीचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरचं म्हणणं असं की पहिले १०,००० मैल त्यानं पगाराविना चालवले, पुढचे ३०,००० मैल शिकाऊ म्हणून तासाला सुमारे ४ डॉलरवर, आणि त्यानंतर त्याला नोकर न ठेवता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ करून कंपनीचाच ट्रक भाड्यानं घ्यायला लावलं. कंपनी म्हणाली, करारात लवादाचं कलम आहे, कोर्टात येताच येत नाही. १५ जानेवारी २०१९ ला न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य असा निकाल ड्रायव्हरच्या बाजूनं दिला. वाहतूक कामगाराला, मग तो कागदावर कंत्राटदार का असेना, लवादाच्या केंद्रीय कायद्याखाली अडकवता येणार नाही. पुढे कंपनीनं २ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. आज ट्रेनिंगच्या काळात निदान आठवड्याचा ठरावीक भत्ता बहुतेक कंपन्या देतात.

बायकांसाठी हा टप्पा आणखी अवघड. अनोळखी पुरुषाबरोबर एका केबिनमध्ये आठवडेच्या आठवडे राहायचं. छळाच्या तक्रारी झाल्या, खटले झाले. मग काही कंपन्यांनी ठरवलं की बाईला बाईच शिकवील. ऐकायला बरं, पण महिला ट्रेनर मूठभरच असल्यानं शिकाऊ बायका महिनोन् महिने यादीत ताटकळत राहिल्या आणि पुरुष पुढे निघून गेले. २०१४ मध्ये मिसुरीच्या केंद्रीय न्यायालयानं प्राइमचं हे धोरण भेदभाव ठरवलं. एका केबिनमध्ये दोघांना कोंबण्याच्या पद्धतीलाच हात न लावता काढलेली तोड होती ती, दुसरं काय होणार.

पहिल्या नोकरीचा हिशेब

नवशिक्याला बहुतेक वेळा मिळतं ते ओटीआर काम, म्हणजे लांब पल्ल्याचं. ड्राय व्हॅन म्हणजे साधा बंद ट्रेलर नाहीतर रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा, आज जॉर्जिया, परवा ओहायो, पुढे कंपनीचा गाड्या पाठवणारा डिस्पॅचर नेईल तिकडे. तीन-चार आठवडे बाहेर, मग तीन-चार दिवस घरी.

पगार तासावर नाही, मैलावर. हिशेबासाठी धरू की मैलाला ५० सेंट आणि आठवड्याला २,००० मैल. झाले १,००० डॉलर. ऐकायला बरे आहेत. आता दुसऱ्या बाजूनं बघा. नियमानं दिवसाला ११ तास गाडी चालवता येते, तीही कामावर आल्यापासूनच्या १४ तासांच्या आत, आणि आठ दिवसांत मिळून ७० तास काम. डिसेंबर २०१७ पासून ही वेळ गाडीतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं, कागदी वहीत मागेपुढे करायची सोय संपली. समजा त्या आठवड्यात ७० पैकी ६५ तास कामात गेले, तर तासाला साडेपंधरा डॉलरसुद्धा पडत नाहीत. उरलेल्या तासांतही माणूस घरी नसतो, एखाद्या ट्रक स्टॉपवर केबिनमध्ये पडून असतो.

६५ तास काम करून फक्त २,००० मैल का? कारण वेळ रस्त्यावर जात नाही, गोदामाच्या दारात जातो. माल भरायला-उतरवायला दोन तास, चार तास, कधी अख्खी रात्र. याला डिटेंशन म्हणतात, आणि त्याचे पैसे बऱ्याचदा मिळत नाहीत किंवा पहिले दोन तास सोडून तुटपुंजे मिळतात. १४ तासांचं घड्याळ मात्र त्या वेळातही चालूच असतं. एमआयटीतले संशोधक डेव्हिड कोरेल यांनी २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की लांब पल्ल्याचा ड्रायव्हर परवानगी असलेल्या ११ पैकी सरासरी साडेसहा तासच चालवू शकतो. वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात अंदाज दिला होता की या खोळंब्यामुळे फुल ट्रकलोड, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचा गाडीभर माल नेणाऱ्या क्षेत्रातल्या भाड्याच्या वाहतुकीत ड्रायव्हरांचं वर्षाचं उत्पन्न १.१ ते १.३ अब्ज डॉलरनं कमी होतं. सरासरी खोळंबा १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असंही त्यात आहे. ते पटण्यासारखं आहे. बुडालेला वेळ माणूस रस्त्यावरच भरून काढायला बघणार.

मैलही कुठले मोजायचे यात मेख आहे. काही कंपन्या प्रत्यक्ष चाललेल्या रस्त्याचे मैल धरतात, काही एका शहराच्या पोस्टापासून दुसऱ्या शहराच्या पोस्टापर्यंतचं जुन्या कोष्टकातलं अंतर. दुसऱ्या पद्धतीत दर आठवड्याला काही टक्के मैल हवेत विरतात. जाहिरातीत ५५ सेंट लिहिणारी कंपनी ५० सेंटवालीपेक्षा कमी देत असेल, हे अगदी शक्य आहे.

आणि ओव्हरटाइम नाही. १९३८ च्या ज्या कायद्यानं अमेरिकेतल्या कामगाराला आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट मजुरी दिली, त्याच कायद्यात आंतरराज्य वाहतुकीचे ड्रायव्हर वगळलेले आहेत. कारखान्यातल्या माणसाचे ७० तास मालकाला महाग पडतात, ड्रायव्हरचे ताटकळणारे ७० तास कुणालाच महाग पडत नाहीत. गोदामवाल्याला घाई नसण्याचं मूळ इथे आहे, असं माझं मत.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानं मे २०२४ साठी जड ट्रक ड्रायव्हरचं मधलं वार्षिक उत्पन्न ५७,४४० डॉलर दिलं आहे. म्हणजे निम्मे त्याखाली, निम्मे वर. यात वीस-वीस वर्षांचे अनुभवी आणि युनियनवालेही आले, तेव्हा नवशिक्यानं स्वतःला खालच्या निम्म्यात धरावं. हा आकडा रुपयांत गुणून बघणाऱ्यानं तिथलं घरभाडं आणि आरोग्य विम्याचा हप्ताही त्याच दरानं गुणावा.

तुटवडा की गळती?

अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स ही मालकांची संघटना. तिनं २०२१ मध्ये ८०,००० ड्रायव्हरांचा तुटवडा असल्याचं सांगितलं आणि तो आकडा जगभर फिरला. याच संघटनेच्या जुन्या आकड्यांत दुसरीही एक गोष्ट आहे. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत ड्रायव्हर सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण अनेक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण शंभरातले नव्वद गेले असा त्याचा अर्थ होत नाही. समजा कंपनीत १०० गाड्या आहेत. त्यातल्या ५५ गाड्यांवर जुने, मुरलेले लोक आहेत, ते हलत नाहीत. उरलेल्या ४५ गाड्यांवर वर्षात दोनदा माणूस बदलला. गेलेले झाले ९०, म्हणजे प्रमाण ९० टक्के. खुर्च्या त्याच, बसणारे बदलत राहतात. त्या ४५ खुर्च्या बहुतेक करून नवशिक्यांच्या. जाहिरात कायम चालू असते ती त्यांच्यासाठी.

स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनाको या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये सरकारी आकडेवारी तपासून लिहिलं की ट्रक ड्रायव्हरांचा बाजार एकूणात इतर कामांच्या बाजारासारखाच चालतो. पगार वाढले की माणसं येतात, कमी झाले की जातात. वर्षानुवर्षं टिकणारा तुटवडा त्यांना दिसला नाही. अडचण आहे ती एकाच कप्प्यात, लांब पल्ल्याच्या फुल ट्रकलोडमध्ये, आणि तिथेही माणसं कमी नाहीत, टिकणारी माणसं कमी आहेत.

याचं मूळ १९८० सालात आहे. त्याआधी वाहतुकीचे दर आणि मार्ग सरकारी आयोग ठरवायचा, नव्या कंपनीला परवाना मिळणं कठीण होतं, आणि टीमस्टर्स युनियनचा ड्रायव्हर कारखान्यातल्या कुशल कामगाराच्या तोडीचं कमवायचा. जिमी कार्टर यांनी १ जुलै १९८० ला सही केलेल्या कायद्यानं बाजार खुला झाला. मालवाहतूक स्वस्त झाली, ग्राहकाचा फायदा झाला हे खरंच. पण फुल ट्रकलोडमध्ये कुणीही ट्रक घेऊन उतरू शकत असल्यानं दर खाली, आणि दर खाली म्हणून मजुरी खाली. अशा धंद्यात मोठ्या कंपनीपुढे दोन पर्याय असतात. पगार इतका वाढवायचा की लोक टिकतील, किंवा दरवर्षी नवे लोक शिकवून आणायचे. मोठ्या कंपन्यांनी बराच काळ दुसरा स्वस्त मानला. प्रशिक्षण हा त्यांच्यासाठी भरतीचा खर्च आहे, आणि करार म्हणजे तो खर्च वसूल होईपर्यंत माणूस जागेवर ठेवायचा उपाय.

यात सगळ्यांना एका मापानं मोजणं बरोबर नाही. विस्कॉन्सिनच्या रोअलसारखी कंपनी लायसन्सच्या शिकवणीच्या काळातही पगार देते. करार करणारी प्रत्येक कंपनी फसवते असंही नाही. वर्षभर मान खाली घालून काम करून, एक पैसा न देता लायसन्स आणि अनुभव घेऊन बाहेर पडलेले हजारो लोक आहेत. ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही. फक्त तो सौदा आहे हे कळलेलं असावं.

वर्षानंतर उघडणारी दारं

पहिलं वर्ष स्वच्छ गेलं की बाजार एकदम वेगळा दिसतो. सगळ्यात जास्त नजर असते ती एलटीएलवर. एका गिऱ्हाइकाचा पूर्ण गाडीभर माल नसतो, दहा जणांचा थोडा थोडा माल एका ट्रेलरमध्ये घालून एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात न्यायचा. रात्री ठरलेल्या केंद्रावर जायचं, ट्रेलर बदलायचा, सकाळी घरी. ओल्ड डोमिनियन, साया, एस्टेस, एक्सपीओ ही त्यातली मोठी नावं. इथे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास राहत आलं आहे. काम तेच, स्टिअरिंग तेच. तरी एकीकडे ९० आणि एकीकडे दहा-पंधरा. ड्रायव्हर लोकांना कष्ट नकोत, असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे पुढे ठेवावेत.

टँकर आणि धोकादायक माल हे दुसरं दार. लायसन्सवर हॅझमॅटचा, म्हणजे धोकादायक मालाचा शेरा मिळवण्यासाठी बोटांचे ठसे आणि केंद्रीय सुरक्षा यंत्रणेची पडताळणी लागते. ती आधीच करून ठेवली तर दर चांगला मिळतो. हॉटेलांना किराणा पुरवणाऱ्या गाड्यांवर पैसे बरे, रोज घरी जेवायला, पण पेट्या स्वतः उतरवाव्या लागतात आणि पाठ-गुडघे लवकर बोलायला लागतात. आणि मग स्वतःच्या गाड्या असलेल्या व्यापारी कंपन्या. वॉलमार्टनं एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की त्यांचा ड्रायव्हर पहिल्या वर्षी ९५,००० ते १,१०,००० डॉलर कमावू शकतो. मात्र बाहेरून येणाऱ्याकडे गेल्या तीन वर्षांत तीस महिन्यांचा अनुभव असावा, ही अट. रीलमध्ये दिसणारा पगार हा बहुतेक वेळा इथला असतो, आणि रील बघणाऱ्याला मिळणारी नोकरी ओटीआरची.

एक आडवाट मला सरळ वाटेपेक्षा शहाणी वाटते. एलटीएल कंपन्या आणि वॉलमार्टसुद्धा गोदामात, डॉकवर काम करणाऱ्या आपल्याच माणसाला ट्रक शिकवतात. सुरुवात माल चढवण्या-उतरवण्यापासून होते, पगार तासावर असतो, घर सुटत नाही, आणि सहा महिने-वर्षानं लायसन्सच्या वर्गात बसवतात. ओटीआरचं वर्ष टळतं. जागा मर्यादित असतात, वाट बघावी लागते, आणि ‘उद्याच गाडी हातात’ असा थाट नसल्यानं याची जाहिरातही कुणी फारशी करत नाही.

ज्याच्यापासून लांब राहावं ते म्हणजे लीज-पर्चेस. वर्षभरात कंपनीच म्हणते, नोकरी कशाला, स्वतःचा ट्रक घ्या, मालक व्हा. दर आठवड्याला गाडीचा हप्ता, डिझेल, विमा, दुरुस्ती तुमच्या पैशातून कापायची, माल मात्र तीच कंपनी देणार आणि किती द्यायचा तेही तीच ठरवणार. मंदीच्या आठवड्यात हातात शून्य किंवा उलट देणं. स्विफ्टनं अशाच ड्रायव्हरांच्या खटल्यात २०१९ मध्ये १० कोटी डॉलरवर तडजोड केली. केंद्र सरकारनं नेमलेल्या ट्रक लीजिंग कृती गटानं जानेवारी २०२५ मध्ये असे करार कायद्यानं बंदच करावेत, अशी शिफारस केली. सरकारी गट सहसा ‘सुधारणा कराव्यात’ म्हणतात. इथे थेट बंदच म्हटलं.

पहिलं वर्ष स्वच्छ म्हणजे काय, हेही सांगायला हवं. ड्रायव्हरचा इतिहास दोन ठिकाणी साठतो. सरकारी पीएसपी नोंदीत पाच वर्षांचे अपघात आणि तीन वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या. खासगी डॅक अहवालात आधीच्या मालकांनी लिहिलेलं सगळं. ट्रक स्टॉपवर रात्री मागे घेताना शेजारच्या गाडीचा आरसा गेला तरी तो ‘टाळता येण्याजोगा’ अपघात म्हणून कंपनी लिहू शकते. नवशिक्याचे बहुतेक अपघात असेच, चालण्याच्या वेगातले, रिव्हर्सचे. भांडण झालं म्हणून गाडी वाटेत सोडून बसनं घरी गेलेल्या माणसाच्या नावापुढे ‘गाडी टाकून गेला’ असा शेरा पडतो, आणि तो अपघातापेक्षा महाग पडतो. सोडायचंच असेल तर गाडी कंपनीच्या यार्डात नेऊन, किल्ली देऊन, पोच घेऊन सोडावी. जानेवारी २०२० पासून अमली पदार्थांच्या चाचणीची केंद्रीय नोंद आहे. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी सीडीएलवाल्याला चालत नाही. आणि लायसन्स काढून सहा महिने घरी बसलात तर बहुतेक कंपन्या पुन्हा उजळणीचा वर्ग करायला लावतात.

कधी शिकलात यावरही बरंच अवलंबून. २०२१ मध्ये कोविडनंतर मालाचा पूर आला होता, कंपन्या सही करताच बोनस देत होत्या. २०२२ च्या मध्यापासून भाडी कोसळली. ऑगस्ट २०२३ मध्ये यलो ही जुनी एलटीएल कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ३०,००० लोक रस्त्यावर आले, त्यातले बरेच अनुभवी ड्रायव्हर. अशा वेळी चांगल्या जागेसाठी नवशिक्याच्या पुढे वीस वर्षांचा माणूस रांगेत उभा असतो. सांख्यिकी विभाग दरवर्षी दोन लाखांहून अधिक जागा निघतील असं सांगतो, पण त्यातल्या बहुतेक जुने लोक निवृत्त झाल्यानं किंवा धंदा सोडल्यानं रिकाम्या होणाऱ्या. मे २०२५ मध्ये ऑरोरा कंपनीनं डॅलस ते ह्यूस्टन विनाचालक ट्रकची व्यापारी फेरी सुरू केल्याचं जाहीर केलं. थोड्याच दिवसांत गाडी बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून निरीक्षक पुन्हा पुढच्या सीटवर आला. लगेच कुणाची नोकरी जात नाही. तरी यंत्राला सगळ्यात आधी जमणारं काम म्हणजे सरळसोट लांब महामार्ग, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी मिळणारं कामही तेच.

सही करण्याआधी कंपनीच्या भरती अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न त्यामुळे पगारापेक्षा वेगळे आहेत. करार किती महिन्यांचा, आणि तुम्हीच काढून टाकलं तर पैसे कोण भरणार? गेल्या वर्षी शिकवलेल्यांपैकी किती जण आज तुमच्याकडे आहेत? ट्रेनरला किमान किती वर्षांचा अनुभव असतो? मैल कुठल्या पद्धतीनं मोजता? गोदामात थांबलो तर कितव्या तासापासून पैसे? उत्तरं तोंडी गोड आणि कागदावर गायब असतील, तर तेही उत्तरच.

आता आपल्याकडच्या रील बघणाऱ्यांसाठी. कंपनीच्या या वर्गात बसायला अमेरिकेत काम करण्याचा अधिकार आधी हातात लागतो. कंपनी शिकवते, व्हिसा देत नाही. ट्रक ड्रायव्हरसाठी सोपा असा वेगळा व्हिसा नाही. ग्रीन कार्डच्या ज्या रांगेत हे काम बसतं, त्यात भारतीयांना दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त थांबावं लागतं. त्यात २१ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांनी व्यावसायिक ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. इंग्रजी बोलता-वाचता येण्याचा नियम पूर्वीपासून होता, पण २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी जमलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच थांबवलं जाऊ लागलं. आपल्या आरटीओचं जड वाहनाचं लायसन्स तिथे सीडीएल म्हणून चालत नाही, आणि इथला अनुभव मोठ्या कंपन्या सहसा धरत नाहीत. नाशिक किंवा सांगलीतला एखादा एजंट ‘ट्रेनिंगसकट अमेरिकेतली ट्रकची नोकरी’ म्हणून काही लाख मागत असेल, तर त्याला कंपनीचं नाव आणि व्हिसाचा प्रकार लेखी द्यायला सांगावं.